वय ५३, मालिकेत आत्याचं काम आलंय. घ्यावं का?

मासुंदाकाठ (कोपरी, ठाणे पूर्व)

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसती वाचत आलेय, लिहितेय पहिल्यांदाच.

मी शाळेत २६ वर्षं पाचवी ते सातवीला मराठी शिकवलं. या मार्चअखेर स्वेच्छानिवृत्ती घेतली. लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं राज्य नाट्य स्पर्धेत कामं केली, एकदा प्राथमिक फेरीत अभिनयाचं प्रमाणपत्र मिळालं होतं. मग सासूबाईंचं आजारपण, मुलीची दहावी-बारावी. तालमी सुटल्या त्या सुटल्याच.

गेल्या महिन्यात जुन्या ग्रुपमधल्या मैत्रिणीने माझ्याकडून दोन मिनिटांचा ऑडिशनचा व्हिडिओ मोबाइलवर करून घेतला. पाठवला आणि विसरून गेले. परवा फोन आला. रोजची मालिका आहे, नायिकेची विधवा आत्या. सेट घोडबंदर रोडला, वाघबीळच्या पुढे. गुरुवारी लुक टेस्ट, म्हणजे साडी-मेकअप करून बघणार. शिफ्ट १२ तासांची, पैसे ९० दिवसांनी, साड्या बऱ्याचशा आपल्याच. दिवसाचा आकडा सांगितला, तो कमी की जास्त हेही मला कळलं नाही.

ह्यांची मागच्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली. मुलगी पुण्याला असते. ह्यांचं म्हणणं एवढंच की कर, पण रात्री घरी कधी येणार ते आधी विचारून घे. मला स्वतःला भीती वेगळ्याच गोष्टीची वाटते. आत्या काय करते हो मालिकेत? दाराशी उभी राहते, कोणीतरी रडलं की पदर डोळ्याला लावते. कथेत तिचं स्वतःचं काहीच घडत नाही. या वयात सुरुवात करून अशा कामात माणूस किती दिवस टिकतं? आणि मन लागतं का त्यात? जे या क्षेत्रात आहेत त्यांनी खरं सांगावं.

क्लॅपवाला (कळवा)

काकू, मी पाच वर्षं असिस्टंट डिरेक्टर आहे, त्यातल्या दोन मालिका घोडबंदरलाच केल्या.

लुक टेस्टच्या आधीच फोनवर विचारा की महिन्याला किमान किती दिवसांची हमी आहे. दर सगळे विचारतात, दिवस कोणी विचारत नाही, आणि महिन्याचं गणित दिवसांवर असतं. काम मिळवून देणारा कोऑर्डिनेटर मध्ये असेल तर त्याचं कमिशन किती आणि किती महिने, तेही. ऑडिशनसाठी, फोटोंसाठी, संघटनेच्या कार्डासाठी कोणी आगाऊ पैसे मागितले तर फोन ठेवून द्या. खरं काम देणारा पैसे मागत नाही.

नऊ ते नऊ शिफ्ट म्हणजे मेकअप आणि केसांसाठी तुम्हाला सकाळी साडेसातला बोलावणार. जाताना काही वाटत नाही. येताना मानपाडा ते माजिवडा कधीकधी जीव काढतो. रात्री पॅकअपनंतर ड्रॉप मिळणार का, हे पहिल्याच दिवशी बोलून घ्या, नंतर मागायला संकोच वाटतो. सीनचा कागद बहुतेक वेळा सेटवरच हातात पडतो. दिवसाला साधारण एका भागाचं, म्हणजे वीस-बावीस मिनिटांचं काम उरकायचं असतं, त्यामुळे कोणी ओरडलं तर मनाला लावून घेऊ नका. ते ओरडणं घड्याळावर असतं.

तिसरी घंटा (नौपाडा)

ताई, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि आज सुट्टी आहे म्हणून सविस्तर लिहायला बसले. मी ६१ वर्षांची आहे. १९९८ पासून हेच काम करते: आई, काकू, मावशी, शेजारीण, दोनदा न्यायाधीश, एकदा तुरुंगातली मेट्रन. रस्त्यात लोक चेहरा ओळखतात, नाव कोणाला आठवत नाही. सत्तावीस वर्षं घर मात्र याच कामावर चाललं आहे.

पैशांचं आधी सांगते, म्हणजे मग मनातलं बोलता येईल. ९० दिवस म्हणजे ९० दिवस. जूनमध्ये केलेल्या कामाचं बिल महिनाअखेरीला जाणार आणि पैसे सप्टेंबरअखेर येणार, तेही १० टक्के टीडीएस कापून. म्हणजे पहिले चार महिने रिक्षा, साड्या, ब्लाउजची शिलाई सगळं आपल्या खिशातून. तुमचं पेन्शन आहे, तुम्हाला जमेल. ज्या मुली भाड्याच्या खोलीत राहून हे सुरू करतात त्यांचे फार हाल होतात. आणि कपातीचा हिशोब जपून ठेवा, कर भरताना तो आपलाच पैसा असतो.

क्लॅपवाल्याने दिवसांच्या हमीचं लिहिलंय ते सोन्यासारखं आहे. माझ्या चांगल्या काळात महिन्याला २२ दिवस काम होतं. मग कथेचा ट्रॅक बदलला आणि माझ्या पात्राला लेकीकडे गावाला पाठवलं. महिन्याला चार दिवस. करारात लिहिलेलं की त्या काळात दुसऱ्या मालिकेत काम करायचं नाही. सात महिने मी घरात बसून फोनची वाट पाहिली. तेव्हापासून कराराचा प्रत्येक कागद मी आधी घरी आणून वाचते. आणखी एका ठिकाणी मालिका अचानक बंद झाली आणि माझे ४१ दिवसांचे पैसे अडकले. संघटनेकडे तक्रार केली, दीड वर्षाने त्यातले निम्मे हातात पडले. उरलेले गेले. तुम्हाला घाबरवायला नाही सांगत. पण हे माहीत असून जो उतरतो तो टिकतो.

आता तुमचा खरा प्रश्न. आत्या काय करते?

आत्या ऐकते, ताई. आमचं सगळं काम ऐकण्याचं आहे. मालिकेत जे घडतं ते नायिकेला घडतं, पण ते किती लागलं हे घरात बसलेल्या बाईला कळतं ते आपल्या तोंडाकडे बघून. नायिका रडली की प्रेक्षक रडेलच असं नाही. तिला रडताना पाहून आत्याने काही न बोलता वळून पाण्याचा तांब्या भरला की रडतो.

आणि हे काम कुठल्या परिस्थितीत करायचं असतं ते सांगते. सीन आधी सगळ्यांचा एकत्र घेतात, मग नायक-नायिकेचे क्लोज-अप, आणि आपल्या रिअ‍ॅक्शन सगळ्यात शेवटी. त्यांना सोडलेलं असतं, त्यांचा दिवस संपलेला असतो. एकदा माझा मुलगा घर सोडून जातो असा सीन होता. दुपारी मास्टर, म्हणजे सगळ्यांचा एकत्र शॉट, झाला, माझ्या क्लोज-अपला रात्रीचे पावणेनऊ वाजले. मुलाचं काम करणारा नट केव्हाच घरी गेलेला. कॅमेऱ्याच्या बाजूला लाइटचा एक स्टँड, त्यावर काळ्या टेपची फुली, आणि मागून एक असिस्टंट सपाट आवाजात वाचतोय, "आई, मी चाललो. परत बोलावू नकोस." त्या फुलीकडे बघून मला काहीच होईना. दोन टेक गेले. सगळे थकलेले, स्पॉटदादा पंखे गुंडाळायला लागलेले.

मी म्हटलं, बाळा, तू तिथे उभा राहा ना, ती टेप काढ. तो बिचकत उभा राहिला. कागद हातात, सकाळपासून धावपळ करून शर्ट घामाने भिजलेला. काळा शर्ट होता आणि वरून दुसरं बटण पांढऱ्या दोऱ्याने शिवलेलं होतं. घाईत, घरात जो दोरा सापडला त्याने कोणीतरी शिवून दिलेलं. तो पुन्हा वाचायला लागला, तसाच सपाट, आणि मी त्या बटणाकडे बघत राहिले. तो टेक झाला. पुढे त्या भागाच्या जाहिरातीत माझा तेवढा चेहरा पंधरा दिवस दाखवत होते.

त्या दिवसापासून मी माझ्या रिअ‍ॅक्शनला जिवंत माणूस मागते. कोणीही चालतं, लाइटवालासुद्धा. आजवर कोणी नाही म्हणालेलं नाही.

दुसरं म्हणजे तुम्ही रंगमंचावरून येताय. मीही तशीच आले. गडकरी रंगायतन १९७८ साली उघडलं तेव्हा मी शाळेत होते, आणि पुढे तिथेच शेवटच्या रांगेपर्यंत आवाज कसा न्यायचा ते शिकले. कॅमेऱ्यापुढच्या पहिल्या दिवशी दिग्दर्शक जवळ येऊन हळू बोलले, "ताई, मी इथे दोन हातांवर आहे, मला सांगा." तेवढ्या एका वाक्याने मला सगळं कळलं. आवाज आणि हात आवरा, नजर मात्र आवरू नका.

वयाचं म्हणाल तर आपल्या या कामात वयाचा हिशोब कधीच सरळ नव्हता. मी चौतिसाव्या वर्षी सव्वीस वर्षांच्या मुलाची आई झाले. रिमा लागू १९९९ च्या 'वास्तव'मध्ये संजय दत्तची आई होत्या आणि वयाने त्याच्यापेक्षा जेमतेम एक वर्षाने मोठ्या होत्या. रोहिणी हट्टंगडींनी तिशीच्या आसपास 'गांधी' सिनेमात कस्तुरबा उभ्या केल्या, तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत, आणि त्यासाठी त्यांना बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार मिळाला. त्याच रोहिणीताई पुढे 'चार दिवस सासूचे'मध्ये तीन हजारांहून जास्त भाग उभ्या राहिल्या. रोज सकाळी उठून, तोच उंबरठा, तीच सून, आणि तरी आज काहीतरी नवीन ऐकल्यासारखं ऐकायचं. मला त्या तीन हजार भागांचं मोल पुरस्काराइतकंच वाटतं. तुम्ही ५३ च्या आहात आणि ५३ चंच काम करणार आहात. आमच्यातल्या कितीजणींच्या नशिबी हे येतं?

तुम्ही शिक्षिका, म्हणून आणखी एक सांगते. सुलभा देशपांडे छबिलदास शाळेत शिकवायच्या. १९६७ साली 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे नाटक आलं, त्यातली बेणारेही शिक्षिकाच, आणि ती त्यांनी केली. आणि २०१२ साली 'इंग्लिश विंग्लिश'मध्ये त्या सासू होत्या, थोडंच काम. मी तो सिनेमा वाशीला पाहिला. त्या बोलत नसतानाही मी त्यांच्याकडेच बघत होते.

सिनेमाचं वेगळं दुःख आहे तेही सांगून ठेवते. तिथे कागद आधी मिळतो, चार-सहा दिवसांचं काम, वेळ देतात. पण कात्री आपल्या हातात नसते. एका सिनेमात माझे चार दिवस होते, एक मोठा प्रसंग होता, फार मनापासून केला होता. पहिल्या रविवारी जाऊबाईंना घेऊन थिएटरात गेले. तो प्रसंग आलाच नाही. मी पाठमोरी एकदा दिसले, लग्नाच्या गर्दीत. जाऊबाईंनी अंधारात माझा हात धरला आणि सिनेमा संपेपर्यंत सोडला नाही. घरी आल्यावर आम्ही त्याबद्दल कधी बोललो नाही.

साडीबद्दल तेवढं लिहिते आणि थांबते. आपल्याच साड्या नेणार असाल तर पात्राच्या वेगळ्या काढा आणि त्या पुन्हा घरात नेसू नका. माझी एक नारायणपेठ मी चार वर्षं एका काकूला दिली होती. ती साडी अंगावर आली की खांदे आपोआप तिच्यासारखे पडायचे.

नेरूळची वाचक

मी या क्षेत्रातली नाही, प्रेक्षक आहे. पण दाराशी उभं राहण्याबद्दल वाचलं आणि राहवलं नाही.

१९८७ साली 'रामायण' लागायचं तेव्हा आम्ही चाळीत होतो, एका टीव्हीपुढे पंचवीस-तीस माणसं. मंथरा आली की माझी आजी पदर तोंडाला लावून शिव्या द्यायची. तिला मी सांगितलं की आजी, या ललिता पवार, 'अनाडी'मधल्या मिसेस डीसा. आजीने तो सिनेमा पाहिलेला होता, त्यात ती रडलेली होती. तिला पटेचना की ही तीच बाई.

ललिताबाई आधी नायिका होत्या. १९४२ साली एका चित्रीकरणात थप्पड जोरात बसली, चेहऱ्याला लकवा झाला, डावा डोळा कायमचा बारीक राहिला. उपचारांत वर्षं गेली. परत आल्या त्या चरित्र भूमिकांमध्येच, आणि तोच डोळा पुढे लोकांना धाक दाखवायला लागला. 'श्री ४२०'मधली केळेवालीही त्याच, आणि तिथे त्याच डोळ्यात किती माया आहे बघा.

आणि भारती आचरेकर. २०१३ च्या 'लंचबॉक्स'मधल्या देशपांडे आंटी. वरच्या मजल्यावरून फक्त आवाज येतो, टोपली खाली येते. अख्ख्या सिनेमात त्या एकदाही दिसत नाहीत. पण मला त्यांचं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे दिसतं, आजारी नवरा दिसतो. तुम्हाला तर दाराशी उभं राहायला मिळणार आहे.

एका बाबतीत मात्र तिसरी घंटा यांच्याशी माझं जुळत नाही. 'थोडंच काम' यावर समाधान मानायला मला आवडत नाही. छाया कदम यांना बघा, किती वर्षं लहान लहान कामं केली, आणि २०२४ मध्ये एकीकडे 'लापता लेडीज'मधली मंजू माई आणि दुसरीकडे कान महोत्सवात ग्रां प्री पुरस्कार मिळालेल्या 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट'मधली पार्वती. लेखकांनी चाळिशी-पन्नाशीच्या बायकांसाठी लिहिलं तर हे होतं. प्रेक्षक म्हणून आम्हालाही हे मागायला हवं.

तिसरी घंटा (नौपाडा)

नेरूळच्या ताई, तुमचं म्हणणं मान्य. माझ्यासाठी तसं कोणी लिहावं असं मलाही वाटतं, अजून वाटतं. फक्त ते लिहिलं जाईपर्यंत हात चालू राहायला हवा, म्हणून मी तांब्या भरण्याबद्दल एवढं बोलले.

मासुंदाकाठ (कोपरी, ठाणे पूर्व)

सगळ्यांचे मनापासून आभार. तिसरी घंटा ताई, तुमचं उत्तर मी ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. जाऊबाईंच्या ठिकाणी आले आणि पुढे वाचता आलं नाही, ह्यांनी मोबाइल घेऊन उरलेलं वाचलं.

एक विचारते. पाठांतराची मला भीती नाही, कविता शिकवण्यात जन्म गेला. पण एकच सीन तुकड्या-तुकड्यांत, उलटसुलट, सकाळचा रात्री असं घेतात तेव्हा मनात धागा कसा ठेवायचा?

तिसरी घंटा (नौपाडा)

कागदाच्या कोपऱ्यात दोन शब्द लिहून ठेवायचे: हा सीन सुरू होण्याआधी मी कुठून आले, आणि माझ्या हातात काय होतं. "देवघरातून, वाती." "गच्चीवरून, वाळलेले कपडे." भावना लिहू नका, ती दुपारपर्यंत उडून जाते. वाती म्हटलं की रात्री नऊलाही बोटांना तेल लागल्यासारखं वाटतं.

शॉट झाला की कंटिन्युटीसाठी ते फोटो काढतात, पण आपणही आपल्या फोनवर काढा. पदर कुठल्या खांद्यावर, चष्मा होता की नाही. चूक झाली तर तो सीन पुन्हा करावा लागतो आणि त्या बिचाऱ्या क्लॅपवाल्याला बोलणी बसतात.

आणि पायांना जपा. दोन शॉटच्या मध्ये खुर्ची दिली नाही तर मागा. मी पंधरा वर्षं मागितली नाही, आता जिना चढताना गुडघे आठवण करून देतात.

क्लॅपवाला (कळवा)

खुर्चीसाठी मला हाक मारा असं म्हणणार होतो, पण मी त्या सेटवर नाही. तिथेही माझ्यासारखा कोणीतरी असेलच, काकू. त्याला पहिल्या दिवशी नावाने हाक मारा. आम्हाला दिवसभर कोणी नावाने बोलावत नाही.

मासुंदाकाठ (कोपरी, ठाणे पूर्व)

गुरुवारी जाऊन आले.

त्यांनी पांढरी सुती साडी पुढे केली. मी विचारलं, आत्या विधवा आहे, पण ती दिवसभर करते काय? कोणाला माहीत नव्हतं. मी म्हटलं, ती शिकवण्या घेत असेल तर तिच्या साडीला रंगीत खडूचा रंग लागेल, ती पांढरी नेसणार नाही, गडद नेसेल. दिग्दर्शिका तिशीतली मुलगी आहे. तिने थोडा विचार केला आणि लेखकाला फोन लावला. मी माझी जांभळी इरकल पिशवीत नेली होती, तीच नेसून टेस्ट झाली. मग मला दाराशी उभं केलं आणि नायिकेचं पानभर बोलणं वाचून दाखवायला एका मुलाला सांगितलं. तो मॉनिटरमागून वाचायला लागला. मी त्याला पुढे बोलावलं, नाव विचारलं. त्याने हातावर पेनने उद्याच्या सगळ्यांच्या कॉल टाइम, म्हणजे सेटवर यायच्या वेळा, लिहून घेतल्या होत्या, अंगठ्यापासून कोपरापर्यंत. मी त्याच्याकडे बघत ऐकत राहिले. कधी संपलं कळलं नाही.

महिन्याला १४ दिवसांची हमी देतो म्हणाले, ते करारात लिहून मागितलंय. कागद घरी आणलाय, उद्या मुलगी फोनवर माझ्याबरोबर बसून वाचणार आहे. रात्री साडेआठनंतर पॅकअप झालं तर तीन हात नाक्यापर्यंत गाडी. ह्यांना तेवढं पुरेसं वाटलं.

सगळं ठरलं तर पुढच्या सोमवारी पहिला कॉल, सकाळी साडेसातचा. आत्यासाठी तीन इरकली वेगळ्या काढल्या आहेत. त्यातल्या दोन साड्यांचे फॉल उसवलेत. रविवारच्या आत करून देईल असं नौपाड्यात किंवा कोपरीत कोणी माहीत आहे का?